तंत्रस्नेही कुणाला म्हणावे?

गेल्या दहा वर्षांत मराठी शाळांच्या जगात एक नवा शब्द रुळला : 'तंत्रस्नेही शिक्षक'. जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, याद्या झाल्या, गट झाले, सत्कार झाले. शब्द गोड आहे. तंत्राला घाबरणारा नव्हे, त्याच्याशी मैत्र जुळलेला, असा त्याचा भाव. पण हे मैत्र मोजायचे कसे? पोर्टलवर माहिती बिनचूक भरणारा शिक्षक तंत्रस्नेही? स्वतःचे व्हिडिओ बनवणारा? की सगळे येत असूनही आजचा धडा फळा-खडूनेच शिकवायचा असे ठरवणारा? आणि ज्याला यातले काही येत नाही, त्याला नेमके काय शिकवायचे, हे कुणी ठरवायचे?

मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. शिक्षक-प्रशिक्षणाविषयीचे शासन निर्णय, अहवाल, देशोदेशींचे आराखडे वाचण्याचा नाद लागला आणि तो सुटला नाही. जमेल तेव्हा शाळांत जाऊन मागच्या बाकावर बसत आलो. या वाचनातून आणि बसण्यातून एक गोष्ट दिसली : शिक्षकाचे तंत्रकौशल्य आपण सतत मोजतो, पण ज्या कारणासाठी आणि ज्या रीतीने मोजतो, त्यामुळे त्याची खरी गरज झाकली जाते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

यंत्र आधी, शिक्षक मागून

भारतीय शाळांत संगणक आला तो शिक्षकाला न विचारताच. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक पोहोचले. २००४ मध्ये शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. २०१२ मध्ये राष्ट्रीय धोरण आले. प्रत्येक टप्प्यावर खोली, यंत्र, वीजजोडणी यांचा हिशोब आधी झाला आणि शिक्षकाचा विचार मागून.

महाराष्ट्राने यात स्वतःची एक वाट काढली. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि लगेच 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या माडीवर संगणक केंद्रे निघाली. सामान्य मराठी माणसाला मराठीतून संगणक शिकता आला, ही या अभ्यासक्रमाची मोठीच कामगिरी. पुढे शासकीय सेवेतल्यांना, त्यात शिक्षकांनाही, संगणक अर्हता सक्तीची झाली. ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुलीचे आदेश निघाले, निवेदने गेली. शिक्षकांच्या बोलण्यात 'एमएस-सीआयटी' हा शब्द आजही अभ्यासक्रमापेक्षा सेवापुस्तकातील नोंदीच्या अर्थाने अधिक येतो.

मग २०१५ च्या सुमारास वारे पालटले. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव डिजिटल शाळा म्हणून सर्वतोमुखी झाले. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब आले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरून दाखवला आणि २०२० चा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार त्यांना मिळाला. या लाटेचे वैशिष्ट्य हे की ती शिक्षकांकडून वर आली. प्रमाणपत्राची सक्ती नसतानाही शेकडो शिक्षक रात्री जागून व्हिडिओ जोडायला शिकले, ते एकमेकांकडून.

त्याच सुमारास दुसरीही लाट आली, पोर्टलची. 'सरल', 'यू-डायस', पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन उपस्थिती. आज महाराष्ट्रातला शिक्षक तंत्रज्ञानापासून दूर आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो दिवसातून कितीदा तरी फोन हातात घेतो. मात्र त्यातला बराच वापर वरच्या कार्यालयासाठी असतो आणि वर्गातल्या मुलासाठी त्यातला थोडाच उरतो. एका शिक्षिकेने मला सांगितले, "दादा, आम्ही ऑनलाइन असतो, आमचा वर्ग नसतो." सगळ्या चर्चेचे मर्म या वाक्यात आहे.

हाताचे माप आणि हजेरीचे माप

आपल्याकडे शिक्षकाचे तंत्रकौशल्य दोन मापांनी मोजले जाते. पहिले हाताचे माप : फाइल साठवता येते का, तक्ता करता येतो का, ईमेल पाठवता येतो का. दुसरे हजेरीचे माप : किती प्रशिक्षणे झाली, किती तास भरले, किती प्रमाणपत्रे उतरवून घेतली.

दोन्ही मापे मोजायला सोपी आहेत, म्हणून टिकली. हाताचे माप निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला फाइल उघडता येत नाही, त्याच्याशी पुढचे बोलणे व्यर्थ. पण हाताचे कौशल्य लवकर शिळे होते. वीस वर्षांपूर्वी फ्लॉपीवर साठवणे हे कौशल्य होते. आज ते सांगितले तर मुले हसतील.

युनेस्कोने शिक्षकांच्या तंत्रक्षमतेचा आराखडा २००८ मध्ये काढला आणि २०१८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आणली. त्यात शिक्षकाच्या कामाची सहा अंगे धरली आहेत : शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या धोरणाची जाण, अभ्यासक्रम व मूल्यमापन, अध्यापनपद्धती, डिजिटल कौशल्यांचा वापर, शाळेची व्यवस्था आणि शिक्षकाचे स्वतःचे शिकणे. प्रत्येक अंगाच्या तीन पायऱ्या, म्हणजे एकूण १८ क्षमता. यंत्र चालवण्याचे कौशल्य हा या सहांतला एक रकाना आहे. आपण तो एकच रकाना भरून घेतो आणि शिक्षक मोजून झाला असे समजतो.

चंद्रकलांचा धडा

मग मोजायचे काय? ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये एक साधी पण खोल गोष्ट मांडली. विषयाचे ज्ञान वेगळे आणि शिकवण्याच्या रीतींचे ज्ञान वेगळे. पण चांगल्या शिक्षकाकडे या दोहोंच्या मिलाफातून तयार झालेले तिसरेच ज्ञान असते : हा अमुक विषय मुलांना कुठे अडतो आणि तो कसा सोडवून द्यायचा, याचे. २००६ मध्ये पुण्य मिश्र आणि मॅथ्यू केलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. विषय, अध्यापन आणि तंत्र ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांत मिसळतात तिथे शिक्षकाचे खरे तंत्रकौशल्य असते, असे त्यांचे म्हणणे. 'टीपॅक' या नावाने ही मांडणी आज जगभर वापरली जाते.

शास्त्रीय वाटणारी ही गोष्ट एका धड्यावरून लख्ख कळते. उच्च प्राथमिक वर्गांत चंद्रकला शिकवायच्या असतात. मुलांच्या, आणि खरे तर अनेक मोठ्यांच्याही, मनात एक पक्का गैरसमज असतो की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात. सावली पडते ती ग्रहणात. कला दिसतात त्या, सूर्याने उजळलेला चंद्राचा अर्धा भाग आपल्याला कोणत्या बाजूने आणि किती दिसतो यामुळे.

आता शिक्षकाने पडद्यावर एक सुंदर चलच्चित्र लावले. डावीकडे सूर्य, मध्ये पृथ्वी, भोवती फिरणारा चंद्र. सगळे एकाच सपाटीत. पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या बरोबर मागे जातो. एखादी चलाख मुलगी विचारते, "मग पृथ्वीची सावली त्याच्यावर का पडत नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. सपाट चित्रात हा कल दिसतच नाही. म्हणजे जो गैरसमज काढायचा, त्यालाच चित्राने खतपाणी घातले.

इथे कौशल्य कशाला म्हणायचे? चित्र लावता येणे ही पहिली पायरी. ते चित्र काय दाखवते आणि काय लपवते, हे ओळखणे ही दुसरी. आणि ते थांबवून अंधाऱ्या खोलीत एक बल्ब आणि मुलांच्या हातात काडीला टोचलेला चेंडू देणे, मग तेच चित्र पुन्हा लावून "यात काय चुकले आहे?" असे मुलांनाच विचारणे, ही तिसरी. तिसऱ्या पायरीवरच्या शिक्षकाला कदाचित व्हिडिओ जोडता येत नसेल. प्रमाणपत्राच्या मोजणीत तो मागे पडेल. माझ्या मते तंत्रस्नेही तो.

विचारणे, करायला देणे, पाहणे

हे मोजण्याचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची एक मर्यादा आहे.

पहिला मार्ग, शिक्षकालाच विचारणे. जगभर हाच अधिक वापरला जातो. ओईसीडी या संघटनेच्या २०१८ च्या 'टॅलिस' पाहणीत सदस्य देशांतील सरासरी १८ टक्के शिक्षकांनी अध्यापनासाठीच्या तंत्रज्ञानात प्रशिक्षणाची मोठी गरज असल्याचे सांगितले. शिक्षक होताना घेतलेल्या शिक्षणाने आपली या बाबतीत चांगली तयारी झाली, असे वाटणारे होते ४३ टक्के. भारत त्या पाहणीत नव्हता. आकडे बोलके आहेत, पण ते शिक्षकाच्या स्वतःविषयीच्या मताचे आहेत. आणि डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रुगर यांनी १९९९ मध्ये दाखवले त्याप्रमाणे, ज्याला एखाद्या गोष्टीत कमी कळते त्याला आपल्याला काय कळत नाही हेही पुरते कळत नाही. तो स्वतःला वाजवीपेक्षा अधिक गुण देतो. वरच्या फळीतले मात्र इतरांच्या तुलनेत स्वतःला थोडे कमीच लेखतात. "तुम्हाला एक्सेल येते का?" या प्रश्नाला आलेल्या 'हो' आणि 'थोडेफार' या उत्तरांत कधी कधी 'थोडेफार'वाला पुढे असतो तो यामुळे.

दुसरा मार्ग, काम करायला देणे. इथे प्रश्न नीट घडवला तर खूप कळते. काही नमुने असे :

वर्गाच्या महिन्याच्या हजेरीचा तक्ता समोर आहे. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेली मुले शोधा आणि त्यातल्या कोणाच्या घरी आधी जाल ते सांगा.

अपूर्णांकांवरचा सात मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यातला कोणता भाग दाखवाल, कुठे थांबवाल, थांबवून कोणता प्रश्न विचाराल?

दोन इयत्ता एकत्र, तीस मुले, तुमचा एकच फोन आणि नेट नाही. उद्याचा भाषेचा तास कसा घ्याल?

मुलांचे फोटो पालकांच्या गटावर टाकायचे आहेत. आधी कोणाला काय विचाराल?

यातल्या प्रत्येक प्रश्नात यंत्र आहे, पण उत्तर यंत्रात नाही. शिवाय उत्तर चुकले तर नेमके कुठे चुकले ते दिसते. हजेरीचा तक्ता गाळता आला नाही तर दुपारभराच्या शिकवणीचे काम आहे. व्हिडिओ कुठे थांबवायचा ते सुचले नाही तर ती गणित शिकवण्याची अडचण आहे. तिच्यावर संगणकाचे प्रशिक्षण हा उपाय नव्हे.

तिसरा मार्ग, वर्गात बसून पाहणे. हा सर्वांत खरा आणि सर्वांत महाग. एका तासावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि पाहणारा साहेब असेल तर जे दिसते तो नेहमीचा वर्ग नसतो. पाहणारा शेजारच्या शाळेतला शिक्षक असेल तर चित्र बदलते.

हे तिन्ही मार्ग एकत्र वापरावे लागतात, याविषयी जाणकारांत फारसा वाद नाही. वाद नाही तरी होत नाही, याचे कारण वेगळे आहे.

मोजण्याला भीती चिकटली की

१८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी 'निकालावर अनुदान' ही पद्धत आणली. शाळेला मिळणारा पैसा तपासनीसापुढे मुले वाचन, लेखन, गणितात किती उत्तीर्ण होतात यावर ठरू लागला. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी ही पद्धत वापरली गेली. कवी म्हणून साहित्याच्या वाचकांना ठाऊक असलेले मॅथ्यू अर्नोल्ड पोटासाठी शाळा-तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. मुलांकडून वाचनाचे पुस्तक पाठच करून घेतले जाई. तपासणीत मूल घडाघडा 'वाचे' आणि दुसरे पुस्तक हाती दिले की अडे. माप पूर्ण होत होते, शिक्षण होत नव्हते. पुढे १९७० च्या दशकात डोनाल्ड कॅम्पबेल या समाजशास्त्रज्ञाने याचा नियमच मांडला : एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितका तो आकडा बिघडतो आणि ज्या गोष्टीसाठी तो काढला तीही बिघडते.

आता आपल्या शिक्षकाकडे पाहा. कौशल्याच्या नोंदीवर वेतनवाढ अडली हे त्याने पाहिले आहे. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी यांसाठी प्रशिक्षण अनिवार्य आहे, आणि २०२२ मध्ये ते ऑनलाइन झाले. अशा वातावरणात त्याच्यापुढे एक अर्ज येतो : 'आपली प्रशिक्षणाची गरज नोंदवा.' त्याने काय लिहावे? 'मला हे येत नाही' असे लिहिले तर ते कुठे वापरले जाईल, याची खात्री नाही. म्हणून तो सुरक्षित उत्तर देतो. सर्वांची सुरक्षित उत्तरे एकत्र होतात, त्यावरून प्रशिक्षणाचा विषय ठरतो, आणि मग ज्याला येते तो आणि ज्याला येत नाही तो शेजारी शेजारी बसून तेच ऐकतात.

माझ्या मते सगळी गाठ इथे आहे. सेवेतील पात्रता ठरवण्यासाठी एक मोजणी असू शकते. राज्याला तो अधिकार आहे. पण शिकण्याची गरज शोधणारी मोजणी तिच्यापासून पूर्ण वेगळी हवी, आणि तिचे उत्तर शिक्षकाच्याच हाती राहायला हवे. डॉक्टरला दुखणे सांगितले म्हणून पगार कापला जाणार असेल, तर दवाखान्यात सगळे ठणठणीतच येतील.

हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांचा आराखडा काढला : सहा क्षेत्रे, २२ क्षमता आणि नवख्यापासून अग्रेसरापर्यंत सहा पातळ्या. त्यावर बेतलेले स्वपरीक्षणाचे साधन २०२१ मध्ये आले. त्यात शिक्षक स्वतःची पातळी तपासतो आणि पुढे काय शिकावे याची सूचना त्यालाच मिळते. त्यावर त्याची नोकरी टांगलेली नाही. आराखड्याचा तपशील आपल्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही. युरोपच्या शाळेतली वीज आणि नेट गृहीत धरलेले आहे. मात्र उत्तर कुणाच्या हाती राहते, ही त्यातली बाब इथेही घेण्यासारखी आहे.

गरज कळल्यावर

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले. त्याआधी २०१९ मध्ये 'निष्ठा' कार्यक्रमाने देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षक-मुख्याध्यापकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पुढे तो 'दीक्षा' मंचावरून ऑनलाइन झाला. व्याप्ती थक्क करणारी आहे. पण लाखोंना एकच साचा देताना गरज हा शब्द एकवचनी होतो.

लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ३५ काटेकोर अभ्यास तपासून, कोणते प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचते ते शोधले. त्यांना आढळलेल्या खुणा थोडक्यात अशा : प्रशिक्षण विषयाशी जोडलेले असते, शिक्षक त्यात हाताने काही करतात, सहकाऱ्यांबरोबर करतात, चांगल्या अध्यापनाचा नमुना पाहतात, जाणकाराची सोबत मिळते, प्रतिसाद मिळतो आणि हे दीर्घकाळ चालते. एका दिवसाची कार्यशाळा यात बसत नाही. प्रतिमिनिट सरकणारा व्हिडिओही बसत नाही.

पण महाराष्ट्रात एक जुनी जागा आहे जिथे हे बसू शकते : केंद्राची शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांतले शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र येतात. पुष्कळदा परिपत्रके वाचण्यातच ती संपते. तिच्यातला एक तास जरी परिपत्रकमुक्त ठेवला, एका शिक्षकाने आपल्या वर्गात अडलेला एक धडा मांडला, दुसऱ्याने तो कसा सोडवला ते दाखवले, पुढच्या महिन्यात पहिल्याने "करून पाहिले, हे जमले, हे फसले" असे सांगितले, तर वरच्या यादीतील बहुतेक खुणा नव्या खर्चाशिवाय पुऱ्या होतात. टाळेबंदीत शिक्षकांनी नेमके हेच केले. कुठे व्हॉट्सॲपवर, कुठे वाडीवर जाऊन, कुठे भोंग्यावरून धडे पोहोचवले. आणि हे एकमेकांना विचारून, कारण तेव्हा कुणाला काय येत नाही हे कबूल करण्यात कमीपणा उरला नव्हता.

आता चॅटजीपीटीसारखी साधने आली आहेत. प्रश्नपत्रिका क्षणात तयार होते. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा क्षमता-आराखडा काढला, तेव्हा नव्या प्रमाणपत्रांची लाट फार दूर नाही. यंत्राने काढलेल्या प्रश्नपत्रिकेतला कोणता प्रश्न चुकीचा, कोणता आपल्या मुलांना परका, कोणता निव्वळ पाठांतराचा, हे ओळखणे ही चंद्रकलांच्या धड्यातलीच तिसरी पायरी आहे. ती कोणत्याही बटणाखाली सापडत नाही.

या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या गावच्या शाळेला प्रोजेक्टरसाठी वर्गणी दिली असेल. पुढच्या खेपेला शाळेत जाल तेव्हा प्रोजेक्टर चालू आहे का, हे जरूर विचारा. पण त्यानंतर गुरुजींजवळ किंवा बाईंजवळ थोडे बसा आणि विचारा, की या वर्षी कोणता धडा मुलांना सर्वांत जास्त अडला. उत्तर ऐकताना हातात वही-पेन नसावे.